काशीफळ : एका परदेशी पाहुण्याची मराठवाडी कुळकथा

आश्विन लागला की नांदेड-लातूरकडील आठवडी बाजारांचे रूप पालटते. मूग-उडीद घरात येऊन पडलेले असतात, सोयाबीनच्या काढणीची धांदल सुरू असते आणि काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी पाभरी सज्ज होत असतात. याच सुमारास भाजीबाजाराच्या एका कडेला, गोणपाटावर, तांबूस-पिवळ्या वर्णाची, पन्हळी कापल्यासारख्या फाकींची जडशीळ फळे मांडलेली दिसू लागतात. त्यांतले एक फळ नेहमी चिरून ठेवलेले असते; गिऱ्हाइकाने आतला केशरी गर पाहावा, एवढाच त्यामागचा हेतू. अख्खे फळ एका घराला संपत नाही, म्हणून ते फोडींनी विकले जाते. एका वेलीचे एक फळ पाच-सहा चुलींवर शिजते.

या फळाला मराठवाड्यात काशीफळ म्हणतात. कोणी गंगाफळ म्हणतात, कोणी डांगर, तर पुण्या-मुंबईकडचा माणूस लाल भोपळा म्हणून मोकळा होतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला खेटून असलेल्या तालुक्यांत त्याला ‘गुम्मडी’ हे तेलुगू नाव ऐकू येते. उदगीर, देवणी, निलंगा या भागात कानडीतले ‘कुंबळकायी’ शेजारून डोकावते. आणि दखनी बोलणाऱ्या घरांत तो ‘मीठा कद्दू’ असतो. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर मुंबई राज्यात व महाराष्ट्रात नांदलेल्या या प्रदेशाचा भाषिक इतिहासच जणू या एका भाजीच्या नावांत साठलेला आहे.

परंतु या नावांपैकी दोन नावे विचारात पाडणारी आहेत. काशीफळ आणि गंगाफळ. हिंदूंच्या दृष्टीने काशीहून पवित्र क्षेत्र नाही आणि गंगेहून पवित्र जल नाही. ज्या फळाला ही दोन्ही नावे लाभली, ते फळ याच भूमीतले, वेदकाळापासूनचे असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. काशीफळाचा काशीशी संबंध नाही आणि गंगेशीही नाही. ते अमेरिका खंडातून, समुद्रमार्गे, गेल्या पाचशे वर्षांत आपल्याकडे आलेले आहे.

आधीचे दोन यजमान

काशीफळ येण्यापूर्वी आपल्या देशात त्याच्या कुळातले दोन मोठे वेल नांदत होतेच. एक म्हणजे अलाबू, अर्थात आजचा दुध्या भोपळा. आणि दुसरा कूष्मांड, म्हणजे पांढरी लव असलेला कोहळा. संस्कृत वाङ्मयात व वैद्यकग्रंथांत ही दोन्ही फळे भेटतात. ‘भोपळा’ हा मराठी शब्द मुळात त्यांतल्या पहिल्याचा. वाळलेल्या भोपळ्याची वीणा आणि तंबोरा झाला, बैराग्याचे तुंबडे झाले, पूर आलेली नदी उतरण्याची सांगड झाली आणि विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या कमरेचा आधारही झाला. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला व सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा भोपळा याच जुन्या कुळातला. मराठीतले भोपळ्याचे वाक्प्रचारही बहुधा त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेले असावेत. भ्रमाचा भोपळा फुटतो, तेव्हा तो आतून पोकळच असावा लागतो.

कोहळ्याचा मान वेगळा. नवदुर्गांतील चौथी देवी कूष्मांडा या नावाने ओळखली जाते. नवरात्रात व दसऱ्याला पशुबळीच्या जागी कोहळा फोडण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. माहूरच्या रेणुकेला आणि तुळजापूरच्या भवानीला कुलदैवत मानणाऱ्या मराठवाड्यात या रीतीचा परिचय नाही असे घर विरळा.

लातूर हे प्राचीन लट्टलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांचेच नगर. त्यांच्यानंतर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आले. हे कल्याणी म्हणजे निलंग्याच्या शेजारचे आजचे बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला आणि त्यात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन केले. त्या राजाच्या पाकशाळेत मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, शेंगदाणा नव्हता आणि काशीफळही नव्हते. हे सारे पदार्थ तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात, कोणत्याही युरोपियन वा भारतीय माणसाच्या दृष्टीआड पिकत होते.

प्रार्थनापुस्तकातले चित्र

मेक्सिकोतील ओहाका प्रांतात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या भोपळ्याच्या बियांचे वय सुमारे दहा हजार वर्षे असल्याचे ब्रूस स्मिथ या संशोधकाने १९९७ साली प्रसिद्ध केले. अमेरिका खंडात माणसाने लागवडीखाली आणलेल्या अगदी पहिल्या वनस्पतींत भोपळ्याची गणना होते, ती यामुळे. तेथील मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावीत. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढे, घेवडा जमिनीला नत्र देई आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल राखीत व तण दडपीत. या तिघींना उत्तर अमेरिकेतील आदिवासी ‘तीन बहिणी’ म्हणतात. ज्वारीच्या पाट्यात तूर टाकणाऱ्या आणि बांधाला वेल लावणाऱ्या आपल्या जुन्या कुणब्याला हे शास्त्र कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

कोलंबस १४९२ साली अटलांटिक ओलांडून गेला. त्यानंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतील या फळाचे चित्र युरोपात उमटले, आणि ते उमटले एका प्रार्थनापुस्तकात. फ्रान्सची राणी ॲन ऑफ ब्रिटनी हिच्यासाठी झाँ बुर्दिशाँ या चित्रकाराने १५०३ ते १५०८ या काळात दैनंदिन प्रार्थनांचे एक हस्तलिखित सजविले. त्याच्या पानोपानी समासात फुले, फळे व कीटक रंगविलेले आहेत. त्यांतच अमेरिकन कुळातील एक छोटा भोपळा, वेल-फुलांसह, आढळतो. युरोपातील त्याचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र होय. त्यावर फळाचे नाव मात्र ‘तुर्की भोपळा’ अशा अर्थाचे घातले आहे! दूरदेशीची वस्तू ही तुर्कस्तानचीच असावयाची, हा त्या काळचा समज. आपण काशीचे नाव दिले, त्यांनी तुर्कस्तानचे दिले. दोन्ही नावे चुकीची, आणि दोन्ही आपापल्या परीने सन्मानाचीच.

पुढे १५१५ ते १५१८ या काळात रोममधील आगोस्तिनो कीजी या धनिक सावकाराच्या प्रासादात राफाएलच्या चित्रशाळेने एक दालन रंगविले. हा प्रासाद पुढे विला फार्नेसीना या नावाने प्रसिद्धीस आला. त्या दालनाच्या छतावर जोव्हानी दा उदिने याने फळाफुलांच्या माळा काढल्या असून त्यांत मक्याच्या कणसांबरोबर भोपळ्याचे अनेक प्रकार लोंबताना दिसतात. स्वयंपाकघरात स्थिरावण्यापूर्वीच हे फळ सजावटीत मानाने बसले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच काळात पोर्तुगीजांची गलबते लिस्बन, ब्राझील, आफ्रिका आणि गोवा ही टोके जोडीत होती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५०० साली पोर्तुगीजांनी ब्राझीलचा किनारा गाठला आणि १५१० साली गोवा त्यांच्या हाती आले. सत्ता, धर्म आणि व्यापार यांच्याबरोबर त्या गलबतांतून बियाणेही आले : मका, मिरची, काजू, अननस, पेरू, पपई. काशीफळ याच लाटेबरोबर आले आणि किनाऱ्यावरून घाट चढून दख्खनच्या पठारावर पसरले. त्याला ना राजाज्ञेची गरज लागली, ना प्रचारकाची. एका फळात शेकड्यांनी बिया, त्या वर्षानुवर्षे टिकणाऱ्या आणि मूठभर घेऊन कोणालाही नेता येण्याजोग्या. बहुतेक ठिकाणी ते पदरात बांधलेल्या बियांच्या पुरचुंडीतून, माहेराहून सासरी, असेच गेले असणार.

थोरल्याचे नाव धाकट्याला

येथे भाषेची एक गंमत पाहण्याजोगी आहे. लॅटिन भाषेत ‘कुकुर्बिटा’ हा शब्द जुन्या जगातल्या भोपळ्याचा. अमेरिकेतील फळ आल्यावर हे नाव हळूहळू त्याच्याकडे सरकले आणि १७५३ साली लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या वर्गीकरणात ते कायमचे त्याच्या कुळाला चिकटले. मराठीतही तसेच घडले. ‘भोपळा’ हे थोरल्याचे नाव पाहुण्याने घेतले आणि थोरल्याला स्वतःच्या घरात ‘दुध्या’ हे विशेषण लावून घ्यावे लागले. आज शाळकरी मुलाला भोपळा काढ म्हटले, तर तो तांबडाच काढील. म्हातारी ज्या भोपळ्यात बसून लेकीकडून परतते, तोही त्याच्या कल्पनेत तांबडाच असतो.

भोपळ्याच्या नावावरून ख्रिस्तसभेत एकदा खरोखरच वाद पेटला होता, हे येथे आठवते. योना संदेष्ट्याला निनवे नगराबाहेर सावली देणारा वेल कोणता, हा तो प्रश्न. जुन्या लॅटिन भाषांतरात तो भोपळ्याचा वेल होता. संत जेरोम यांनी मूळ हिब्रूवरून नवे भाषांतर करताना त्याला आयव्हीचा वेल म्हटले. उत्तर आफ्रिकेतील ओइया, म्हणजे आजचे त्रिपोली, येथील बिशपांनी हे नवे भाषांतर वाचताच मंडळीत एवढी खळबळ उडाली की, लोक आपल्याला सोडून जातील या भयाने त्यांना जुना शब्द परत घ्यावा लागला. संत ऑगस्टीन यांनी ही हकीकत इ. स. ४०३ च्या सुमारास जेरोम यांना पत्राने कळविली. तो वेल बहुधा एरंडाचा असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात. पण लोकांना शास्त्रशुद्ध नावापेक्षा कानाला सवयीचे झालेले नाव अधिक खरे वाटते, हा धडा जुनाच आहे.

सोवळ्यातला परदेशी

काशीफळाचा खरा विजय स्वयंपाकघरात झाला, आणि तोही सोवळ्याच्या स्वयंपाकघरात. कांदा-लसूण जेथे वर्ज्य, तेथे काशीफळ चालते. एकादशीच्या दिवशी अनेक घरांत तुपा-जिऱ्याच्या फोडणीत, हिरवी मिरची व दाण्याचे कूट घालून त्याची भाजी होते. त्या भाजीतले तूप व जिरे तेवढे जुने; काशीफळ, मिरची आणि शेंगदाणा हे तिघेही अमेरिकेचे. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकलेली भाजी खाण्याचे व्रत असते. तिच्यातही भोपळा व मक्याचे कणीस असते. जे ऋषींनी कधी पाहिले नाही, ते ऋषींच्या नावाने आपण भक्तिभावाने खातो.

त्यानंतर येतात महालक्ष्म्या. मराठवाड्यात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना महालक्ष्मी म्हणतात. त्यांच्यासाठी पुरणपोळी, आंबील, कढी आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य करतात, वर फुलोरा टांगतात. त्या सोळांत काशीफळाची जागा ठरलेली. पाठोपाठ पितृपंधरवडा. अनेक घरांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात लाल भोपळा लागतोच. पितरांच्या पानावर पोहोचणे, याहून एखाद्या पाहुण्याने घरचे होणे ते आणखी कोणते?

रोजच्या स्वयंपाकातही या फळाचे काही वाया जात नाही. सालीसकट मोठ्या फोडी करून, मेथीदाण्याच्या फोडणीत, चिंच-गूळ घालून केलेली भाजी गावपंगतीत भाकरीबरोबरही चालते आणि पुरीबरोबरही. उकडून दह्यात कालवले की भरीत होते. साल तिळाबरोबर भाजून चटणी करतात; बिया वाळवून सोलून मुलांच्या हातावर ठेवतात; नरफुलांची भजी होतात. आणि या साऱ्यांवर मात करणाऱ्या घाऱ्या! किसलेले काशीफळ गुळात शिजवावे, गार झाल्यावर त्यात मावेल एवढीच कणीक घालावी, पाण्याचा थेंब लावू नये, आणि जाडसर थापून तळावे. अशा घाऱ्या चार दिवस सहज टिकतात. म्हणून त्या प्रवासाच्या शिदोरीत असत. गराचा केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्या कॅरोटीनपासून शरीरात जीवनसत्त्व अ तयार होते, हे आहारशास्त्राने पुढे सांगितले. फोडणीचे तेल किंवा घाऱ्यांचे तळण या द्रव्याच्या शोषणाला मदतच करते.

उंबरठ्यावरचा राखणदार

सजावटीचा विचार करताना आपल्याकडे फळाचे रूप आणि त्याचे राखणदारपण ही वेगळी काढता येत नाहीत. नव्या घराच्या, दुकानाच्या दारावर कोहळा टांगलेला दिसतो. सीमेपलीकडे तेलंगणात व कर्नाटकात तर ही प्रथा अधिकच दृढ आहे. दृष्ट लागू नये, अमंगल उंबरठ्याबाहेरच अडावे, ही त्यामागची श्रद्धा. कोहळ्याच्या या बळिरूपाची छाया काशीफळावरही पडली. अख्खे फळ बाईने प्रथम चिरू नये, पुरुषाने त्यावर पहिला घाव घालावा, असे अनेक घरांत अजून मानतात. कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये, दाखविल्यास ते सडते, असेही म्हणतात. काशीफळाची नर व मादी फुले निराळी. ती पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर मादी फुलामागचे कोवळे फळ पिवळे पडून गळते. दोष बोटाचा नसतो. पण वेलीभोवती मुलांची वर्दळ कमी राहावी, एवढा उपयोग त्या समजुतीने झाला असेल.

आता पश्चिमेकडे पाहू. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण नवव्या शतकापासून पश्चिमेच्या ख्रिस्तसभेत रूढ झाला आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी येथील मठाधिपती ओदिलो यांनी २ नोव्हेंबरला मृत भाविकांचे स्मरण सुरू केले. या सणाच्या पूर्वसंध्येला आयर्लंडमधील खेडूत सलगम कोरून, त्यात दिवा ठेवून, भटक्या आत्म्यांना दूर ठेवीत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने हैराण झालेले आयरिश लोक अमेरिकेला गेले. तेथे त्यांना सलगमापेक्षा मोठा व कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि दिवा त्यात गेला. आपल्याकडचा दारावरचा कोहळा आणि तिकडचा ओसरीवरचा कोरीव भोपळा यांची भेट कधी झाली नाही. तरी दोघांचे काम एकच. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागतो, पीक घरात येते आणि माणसाला गेलेल्यांची आठवण होते. आपला पितृपंधरवडा आणि ख्रिस्ती जनांचा मृतस्मरणाचा दिवस याच ऋतूत यावेत, यात मानवी मनाचे साम्य आहे.

बांध उरला नाही

काशीफळाला शेतकऱ्याने कधी स्वतंत्र शेत दिले नाही. मृगाचा पाऊस पडला की उकिरड्याच्या कडेला, बांधावर, गोठ्याच्या कुडाशी चार बिया टोचायच्या. वेल आपापला छपरावर चढे. दसरा-दिवाळीला देठ वाळला, नख रुतेनासे झाले की फळ उतरवायचे, आणि देठासकट, ठेच न लागू देता, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचे. जाड सालीमुळे ते महिनोन्‌महिने टिके. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या प्रदेशात, शीतपेटी नसलेल्या घरात, उन्हाळ्यापर्यंत पुरणारी भाजी म्हणजे केवढा आधार!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीच्या भूकंपाने औसा, निलंगा, उमरगा परिसरातील गावे जमीनदोस्त केली. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांच्या जड छपरांखाली हजारो माणसे गेली. वाचलेल्यांना नव्या जागी नवी घरे मिळाली. तो निवारा अत्यावश्यक होता आणि तो उभारणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु जुन्या गावठाणाबरोबर परसू, गोठे, उकिरडे आणि त्यांच्या कडेचे वेलही मागे राहिले, हेही खरे. पुढे सोयाबीनचे युग आले. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला. मात्र शेत एकजिनसी झाले, बांध कोरले गेले आणि तणनाशकाच्या फवाऱ्यात बांधावरचा वेल तणाबरोबर जळाला. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पाण्याचा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. बियाण्याच्या दुष्काळाची मात्र कोणी बातमी छापीत नाही. बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेने ‘अर्का चंदन’, ‘अर्का सूर्यमुखी’ असे चांगले वाण दिले आहेत आणि ते हवेतच. पण गावोगावच्या आजीबाईंनी राखेत घोळवून, मडक्यात जपलेले वाण एकदा गेले की कोणत्याही प्रयोगशाळेतून तसेच परत येत नाहीत.

मोठ्या शहरांतील दुकानांत आता ऑक्टोबरअखेर प्लॅस्टिकचे नारिंगी भोपळे टांगलेले दिसतात. परदेशी सण म्हणून त्यांच्यावर टीका करण्याचे कारण नाही. परके स्वीकारण्यात आपली हानी होत असती, तर काशीफळानेच ती केली असती. प्लॅस्टिकच्या भोपळ्याला बी नसते, ही त्यातली खरी उणीव. आपल्या पूर्वजांनी परक्या देशाचे फळ घेतले, ते त्याचे बी पेरून, त्याला काशी-गंगेची नावे देऊन, देवाच्या व पितरांच्या पानावर वाढून. त्याची जात त्यांनी विचारली नाही, वाट विचारली नाही. आज माणसामाणसांत ‘मूळचे कोण आणि बाहेरचे कोण’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी आपल्या उपवासाच्या ताटाकडे एकवार पाहावे. आणि ज्यांच्या घरी यंदा आश्विनात काशीफळ चिरले जाईल, त्यांनी त्यातल्या मूठभर बिया धुऊन, सावलीत वाळवून, पुढच्या मृगासाठी ठेवाव्यात. शेजारणीने मागितल्या तर त्यातल्या चार तिलाही द्याव्यात.